डावा पाय

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला गाडी घ्यायची असली की तो आधी माझ्याकडे यायचा. भाईंदरच्या इंद्रलोक भागात आम्ही राहायला आलो तेव्हा खाली मोजून तीन गाड्या होत्या. आता स्कूटर लावायची म्हटलं तरी भांडण होतं, आणि त्यातल्या निम्म्या गाड्या माझ्या सल्ल्याने आलेल्या आहेत. कुणी विचारलं नाही तरी मी सल्ला द्यायचो, हेही सांगून टाकतो. "गिअरचीच घे," मी म्हणायचो. "ऑटोमॅटिक म्हणजे खेळण्यातली गाडी. त्यात चालवायचं काय असतं? नुसतं बसायचं." समोर गुजराती शेजारी असला तर हेच हिंदीत, हातवारे करून. वर हसत हसत एक वाक्य जोडायचो, "वो तो लेडीज लोग के लिए ठीक है." लोक हसायचे. मला वाटायचं, काय बोलतो आपण!

माझ्या या मिजाशीला कारण होतं. लग्नाआधी चार-पाच वर्षं मी एका कंपनीचा टेम्पो चालवलेला. भांड्यांचे गठ्ठे भरून भाईंदर ते मशीद बंदर. चढावर गाडी ब्रेक न लावता नुसती हाफ क्लचवर उभी ठेवायची, एक इंच पुढे नाही, एक इंच मागे नाही, ही माझी कला. पुढे मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअरला लागलो. कारखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे मला कामावर जायला गाडी लागत नाही. आमची गाडी आठवड्याचे सहा दिवस खाली कव्हर घालून उभी असते. हे लक्षात असू द्या.

चार वर्षांपूर्वी आम्ही पहिली नवी कोरी गाडी घ्यायचं ठरवलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. माझी सासुरवाडी काशीगावची, अगदी गावठाणातली. सासूबाईंनी उमेदीची वर्षं मिठागरात काढलेली, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालणारी बाई. तिची उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, हात राहू दे, पण पाय नक्की येईल, फक्त आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी चुकवू नका, पहिली दोन वर्षं महत्त्वाची. फिजिओथेरपीचं सेंटर पुलापलीकडे. माझा मेव्हणा शिफ्टमध्ये, त्याची बायको नोकरीवाली. म्हणजे आईला नेणार कोण, तर माझी बायको.

ती मला म्हणाली, "अहो, ती बिनगिअरची बघू या का? मला लगेच जमेल. आईला मीच नेईन-आणीन."

"आणि गणपतीला गावी जाताना? कशेडीच्या घाटात ती गाडी दम टाकेल, माहितीये?"

"घाटात मी कुठे चालवणार? घाटात तुम्हीच. मला काशीमिऱ्याच्या नाक्यावरून जायचंय. तिथे दर दोन मिनिटांनी थांबायचं. सारखं क्लच, ब्रेक, गिअर. मला टेन्शन येतं."

"टेन्शन कसलं? मी शिकवतो ना."

बोलून विषय संपवला. वर्षातून दोनदा लागणाऱ्या घाटासाठी मी आठवड्यातून तीनदा लागणारा रस्ता उडवून लावला. आता तर कशेडीला बोगदाही झालाय, तो घाट मी शेवटचा कधी चढलो ते मला आठवत नाही. पैशांचा प्रश्न होता असंही नाही, फरक झेपला असता. खरं कारण एवढंच की बिल्डिंगमध्ये इतकी वर्षं तोंड वर करून जे सांगितलं, त्याच्या उलट गाडी माझ्याच पार्किंगमध्ये कशी उभी करणार? लोक काय म्हणतील, हा माझा घाट होता.

शोरूममध्ये पुठ्ठ्याची एक मोठी चावी हातात देऊन फोटो काढतात. त्या फोटोत चावीचं एक टोक मी धरलंय आणि दुसरं तिने. ती हसतेय. तो फोटो अजून टीव्हीच्या वर आहे. घरी आल्यावर तिनेच बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, आणि लिंबं चिरडत गाडी पुढे नेली ती मी.

तिने ड्रायव्हिंग क्लास लावला, एकवीस दिवसांचा. क्लासचे मास्तर म्हणायचे, ताई छान चालवतात. लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास. मग ती माझ्या बाजूला बसून चालवायला लागली आणि सगळं विसरली. विसरणार नाही तर काय? माझं तोंड बंद असेल तर शपथ. "क्लच दाब. पूर्ण दाब. अगं पूर्ण! आता सोड, हळू, हळू म्हटलं ना! रेस दे. एवढी कशाला? पहिल्यावर घे. पहिल्यावर! तिसरा टाकलास तू, गेलं का डोकं चुलीत?" माणूस गुरांशीसुद्धा असं बोलत नाही. पण ती चालवत राहिली, कारण तिला तिच्या आईला न्यायचं होतं. क्लचचा अंदाज नीट यावा म्हणून चपला काढून सीटच्या बाजूला ठेवायची आणि अनवाणी चालवायची. त्यावरूनही मी टोमणे मारायचो, देवळात आलीस काय म्हणून.

ज्या दिवसाबद्दल मला खरं तर लिहायचं नाही, तो दिवस आता येतो.

माझी सुट्टी होती. आम्ही काशीगावातून सासूबाईंना घेतलं. त्यांना मागच्या सीटवर बसवलं, वॉकर डिकीत टाकला. बायको चालवत होती. नाका नीट पार झाला, तिने मला विचारलंही नाही. पुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं आणि आमची गाडी बरोबर मध्यावर थांबली. पुढची गाडी सरकली. हिने क्लच सोडला, गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागून हॉर्न सुरू झाले. तिसऱ्यांदा गाडी हातभर मागे आली आणि हिने घाबरून हँडब्रेक ओढला. खरं सांगायचं तर तिने अगदी बरोबर केलं होतं. मी टेम्पो शिकलो तेव्हा मी याहून वाईट केलेलं आहे.

बाजूला एक बाइकवाला हेल्मेट वर करून बघत होता. मी काच खाली केली आणि त्याला हसून म्हणालो, "लेडीज है भाई, सीख रही है."

तोही हसला. आम्ही दोघे हसलो, तो अनोळखी माणूस आणि मी. आणि ती माझ्या बाजूला स्टिअरिंग घट्ट धरून बसलेली.

मग मी खाली उतरलो, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला गेलो, दार उघडलं आणि म्हणालो, "उतर."

"अहो, जमेल मला. एक मिनिट."

"उतर म्हणतो ना! शंभर गाड्या अडवून ठेवल्यास."

ती उतरली. अनवाणी. मार्च महिना, दुपारी बाराचं ऊन, डांबर तापलेलं. गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत दोनदा तिने पाय उचलून धरला, मी आरशात पाहिलं. तिच्या चपला माझ्या पायाखाली आल्या, त्या मी तिच्या बाजूला सरकवल्या, पायानेच. आणि मग हाफ क्लचवर गाडी झोकात चढवली, एक इंच मागे न येता. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्यांची वाचा तेव्हा पुरती परत आली नव्हती, पण डोळे सगळं बोलायचे, आणि मी सेंटर येईपर्यंत आरशात पाहिलं नाही.

ती चिडली असती, रडली असती, चार शब्द सुनावले असते तर मी भांडून मोकळा झालो असतो. तिने काही केलं नाही. घरी आल्यावर चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि कुकर लावला. त्यानंतर तिने त्या चावीला हात लावला नाही. मी दोन-तीनदा म्हणालो, "चल, प्रॅक्टिस करू." "बघू," म्हणायची. मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? गाडीचा पत्रा वाचला, असा विचार मी केला.

पुढे ती रिक्षाने आईला न्यायला लागली. ज्याने कधी अर्धांगाच्या माणसाला रिक्षात चढवलं नसेल त्याला कळायचं नाही. रिक्षाची पायरी उंच, पाय वाकत नाही, वॉकर कुठे ठेवायचा हा प्रश्न, आणि रिक्षावाल्याला घाई. मोबाइलवर बोलावलेली टॅक्सी जवळचं भाडं म्हटल्यावर रद्द व्हायची. बायकोची कंबर धरली. आठवड्याचे तीन दिवस होते, त्याचे दोन झाले, मग एक. मग पावसाळा आला आणि तोही गेला. "घरीच करून घेते व्यायाम," ती म्हणाली. सासूबाई पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढ्यावर राहिल्या. कुणी मला बोललं नाही. मेव्हण्यानेही नाही, उलट जावई म्हणून चहाबरोबर बशीत चार बिस्किटं जास्तच.

आणि एक सांगायचं राहिलं. तिने गाडी चालवणं सोडल्याला वर्ष झाल्यावर आमच्या गाडीची क्लच प्लेट जळाली. हायवेजवळच्या मेकॅनिकने प्लेट काढून हातात दिली आणि विचारलं, "घरी कोणी नवीन शिकतंय का? सारखा अर्ध्या क्लचवर पाय ठेवून चालवलीय." मी एका क्षणात म्हणालो, "मिसेस." तो समजूतदारपणे हसला. वर्षभर त्या क्लचवर माझ्याशिवाय कुणाचा पाय पडलेला नव्हता. हे मी आजवर तिला सांगितलेलं नाही. आता वाचेल.

गेल्या वर्षी माझा डावा गुडघा धरला. आधी जिना उतरताना, मग बसता-उठता. सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन निघालो की फाटकापासून हायवेपर्यंत क्लच दाबून दाबून डोळ्यांतून पाणी यायचं. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि विचारलं, "गाडी गिअरची आहे? मग ती आधी बदला."

पंधरा दिवसांत बदलली. पंधरा दिवसांत! ना घाट आठवला, ना ड्रायव्हिंगची कला. खाली पार्किंगमध्ये मी लोकांना समजावून सांगायला लागलो, "अरे, या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिकला पर्याय नाही. काशीमिऱ्याच्या नाक्यावर दर दोन मिनिटांनी थांबायचं, सारखं क्लच, ब्रेक, गिअर. माणूस वेडा होईल." बोलता बोलता मला जाणवलं की हे शब्द माझे नाहीत. मागे वळून पाहिलं तर ती भाजीची पिशवी घेऊन लिफ्टची वाट बघत उभी होती. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ऐकलंच असणार.

गाडी घेण्याआधी तिला विचारलं होतं, अगदी सभ्यपणे. "घ्या," ती म्हणाली. "पाय महत्त्वाचा." पुठ्ठ्याच्या चावीचा फोटो पुन्हा काढला. या वेळी तिने दुसरं टोक धरलं नाही, ती नुसती बाजूला उभी राहिली.

पूजा झाली, लिंबं फुटली, आणि सासूबाईंना गाडी दाखवायला आम्ही काशीगावला निघालो. नाक्याजवळ पुढच्या बसने ब्रेक मारला. माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला, खाली जे सापडलं ते सगळा जोर लावून दाबलं. तो ब्रेक होता. गाडी जागच्या जागी खिळली, आम्ही दोघे पट्ट्यात आपटलो आणि मागून एक रिक्षा बंपरला येऊन धडकली. रिक्षावाला उतरून माझ्या काचेशी आला. वयाने माझ्या निम्मा. "अंकल, चलाना नहीं आता तो रोड पे काय को लाते हो?" आजूबाजूचे बघत होते, दोघे हसत होते. माझे कान तापले होते.

ती मला हसली असती तर चाललं असतं, खरंच चाललं असतं. तिने खिडकीतून वाकून रिक्षावाल्याला सांगितलं, "भैया, नई गाडी है, इनके घुटने में तकलीफ है. सॉरी हां." तो पुटपुटत गेला. मग ती हलक्या आवाजात मला म्हणाली, "डावा पाय सीटखाली घ्या. तो आता लागत नाही."

मी पाय मागे घेतला. मला पुलावरचा तो बाइकवाला आठवला. तिने मला रस्त्यात उतरवलं नाही.

सासूबाईंना खुर्चीसकट ओट्यावर आणलं. त्यांची वाचा आता बरीच आलीये. गाडीकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "हिला त्यो क्लच हाय का?"

"न्हाय गं आई," बायको म्हणाली.

"बरा झाला. मंग आता तूच चालव." आणि हसल्या. जावयाला टोचावं असं त्यांच्या मनात नव्हतं, त्या लेकीचं कौतुक करत होत्या. मी बंपरचा पोचा बघायच्या निमित्ताने गाडीच्या मागे गेलो.

त्या रात्री मी चावी तिच्यापुढे धरली. तिच्या डोळ्यांत बघायचा धीर नव्हता, कपाळाकडे बघून म्हणालो, "उद्यापासून तू चालव. माझं चुकलं होतं तेव्हा."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "चालवेन," ती म्हणाली. "पण जायचं कुठे?"

तिच्या बोलण्यात कुठेही खोच नव्हती. खरंच, आता जायचं कुठे होतं?

जायची जागा माझ्याच गुडघ्याने काढली. दोन महिन्यांत तो इतका बिघडला की दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागलं. पायाला पट्टा, सहा आठवडे गाडी चालवायची नाही, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. पहिल्या दिवशी मी बाणेदारपणे म्हणालो की रिक्षाने जाईन. फाटकाशी रिक्षा आली. पाय वाकेना, पायरी उंच, आत वळता येईना, रिक्षावाला मीटरवर बोटं वाजवतोय. मी एका पायावर उभा राहून रिक्षाचा दांडा धरला होता आणि मला सासूबाई दिसत होत्या. ती वरून चावी घेऊन आली, रिक्षा परत पाठवली, मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "बसा."

सासूबाई बसायच्या त्याच जागी मी पाय लांब करून बसलो. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या. क्लच नाही, काही नाही, तरी काढल्या. नाका तिने असा पार केला जसा मी कधी केला नाही, एकही हॉर्न नाही, एकालाही शिवी नाही. पुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबलं, आम्ही थांबलो, पुढची गाडी सरकली, आम्ही सरकलो. एवढंच. सगळं मिळून एवढंच होतं ते.

सेंटर तेच होतं, मुलगीही तीच. सासूबाईंना व्यायाम द्यायची ती. माझ्या गुडघ्यावर शेक ठेवता ठेवता तिने बायकोला ओळखलं. "काकू! आजी कशा आहेत? अहो, अशा मध्येच बंद का झालात? किती छान येत होता त्यांचा पाय. आणखी सहा महिने आल्या असत्या ना, तर वॉकरशिवाय चालल्या असत्या."

मी छताकडे बघत होतो. आता ती सांगेल, मला वाटलं. सांगू दे. सांगितलंच पाहिजे.

बायको म्हणाली, "गाडीची सोय नव्हती गं."

गाडी होती. महत्त्वाची ती दोन्ही वर्षं खाली कव्हर घालून उभी होती.

मुलीने मान हलवली. "हो ना, रिक्षात चढवणं किती कठीण असतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हसली. "तुमचं नशीब चांगलं आहे हां काका. काकू गाडी चालवतात. एकही दिवस चुकवायचा नाही. चला, पाय सरळ करा."